आबा तेलवाल्यांची इंग्रजी गाणी

आधी नाव सांगून टाकते. आबा साळवी. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला, उतरणीवरच्या कौलारू घरात राहणारे, आगबोटीवरून निवृत्त झालेले आबा साळवी. माझ्यावर जे आलं त्यात माझ्या बाजूनं उभं राहिलं ते हे एकच माणूस. काय आलं ते मागाहून सांगते. आधी ते सांगितलं तर वाचणारा माझ्याच दुःखाकडे बघत बसेल आणि आबा राहून जातील, अशी भीती वाटते. मला तशी कशाचीही भीती वाटते. सहावीतून शाळा सुटली, तेव्हापासून कागदावर काही लिहायचं म्हटलं की कुणीतरी मागं उभं राहून चूक काढतंय असं वाटत राहतं. इथं मस्कतला परक्यांच्या स्वयंपाकघरात दुपारची भांडी आवरली की तासभर माझा असतो. त्या तासात चार दिवस हे लिहितेय.

आबांना गल्लीत ‘तेलवाले’ म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, यांचा घाणाबिणा असेल. बोटीच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालत फिरणारा जो खलाशी, तो तेलवाला. आबांनी हे काम बावीस वर्षं केलं आणि ऐंशी सालच्या आसपास एक पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले. लोक म्हणाले, परदेशी कापड असेल, घड्याळं असतील. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ट्रंक उघडली तर आत एक भला मोठा टेपरेकॉर्डर आणि एकशे बारा कॅसेटी. सगळ्या इंग्रजी गाण्यांच्या. लांब केसांची माणसं गिटार घेऊन उभी आहेत, असल्या चित्रांच्या.

“बावीस वर्षं वाट बघितली गो मी,” काकू सांगायच्या, “आणि हे मेले जटाधारी घेऊन आले घरात.”

आमचं लग्न झालं आणि आम्ही आबांच्या पडवीतली खोली भाड्यानं घेतली. नवऱ्याचं नाव लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून नुसतं ‘हे’ म्हणते. आमचं गाव लांज्यापासून आत. घरची भातशेती, ती थोरले दीर बघायचे. हे तिसरी नापास, पण अंगानं दणकट आणि कामाला वाघ. आबांनी मुंबईच्या एका ओळखीच्या एजंटाला चिठ्ठी दिली आणि वर्षभराच्या खेपा घालून ह्यांना बोटीवर काम लागलं. ती चिठ्ठी आबांची होती, हे लक्षात ठेवा. आबा तर कधीच विसरले नाहीत.

ती गाणी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाहेर कुणाचं तरी भांडण लागलंय असं वाटून मी धावत अंगणात आले. काकू तांदूळ निवडत शांत बसल्या होत्या. म्हणाल्या, “काय नाय गो. फडताळातली भांडी पडली आणि भांड्यांवर मांजर पडलं. रोज पडतं. तू जा आत.”

आबांनी ते ऐकलं. खरं तर आबांना कमी ऐकू यायचं, पण काकूंचे टोमणे बरोबर ऐकू यायचे. त्यांनी मला पायरीवर बसायला सांगितलं.

“सुमे, इंजिनखोलीत गेलंस काय कधी? कुठनं जाणार तू. आत दोन माणसं बोलू शकत नाहीत, एवढा आवाज. हातानं बोलायचं. पाळी संपवून वर आलं की कानात तासन् तास घूं. त्या घूंच्या वर भजन ऐकू येत नाय. नाट्यपद ऐकू येत नाय. बायकोची आठवण काढली तर ती पण ऐकू येत नाय.”

“ती कशाला ऐकू येईल!” काकू म्हणाल्या.

“ऐकू येतात ती ही गाणी. घूं फोडून आत येतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी रडलो होतो. कायतरी ऐकू आलं म्हणून.”

त्यांच्याकडची सगळी गाणी मागच्या दशकातली. एकदा मी विचारलं, “आबा, त्यानंतर काय नवं आलंच नाय काय?”

“आलं तर. पण आता ढोल मशीन वाजवतं. चुकत नाय, दमत नाय. पूर्वी माणूस वाजवायचा. हे बघ, हे चौथं गाणं. शेवटाला ढोलवाला दमलाय. हात मागं पडतोय, ऐकलंस? पण सोडत नाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ह्याच्यासाठी परत परत ऐकायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे कळलं नव्हतं. तेव्हा माझी ढोपरं दुखत नव्हती.”

त्यांचा नेम होता. प्रत्येक कॅसेट वर्षातून एकदा तरी पुरी वाजलीच पाहिजे. पावसाळ्यात आमच्याकडे चपलेलासुद्धा बुरशी येते. कॅसेटींना येऊ नये म्हणून त्यांनी ट्रंकेत तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या आणि ते तांदूळ दर आठवड्याला तव्यावर कोरडे करून परत भरायचे. काकूंचा तवा, काकूंचे तांदूळ. त्यावरून दर आठवड्याला भांडण. आणि गाणं लागलं की मधेच उठून जायचं नाही. पोस्टमन दारात आला तरी गाणं संपेपर्यंत त्याला पायरीवर बसायला लागायचं. “अर्ध्या गाण्यातून उठणारा माणूस जेवणाच्या पानावरून पण उठेल,” असं म्हणायचे. पोस्टमन बिचारा पुढं पुढं आवडीनं बसायला लागला होता.

ह्यांना लिहायचा कंटाळा. त्या वेळी बोटीवरची, आखातातली पुष्कळ माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. हे कोरी कॅसेट कशाला विकत घेतील! बोटीवर कुणी टाकून दिलेली जुनी गाण्यांची कॅसेट घ्यायचे, तिच्यावरच बोलायचे आणि पाठवून द्यायचे. दहा-पंधरा मिनिटं बोलून झालं की खालचं पुसलं न गेलेलं इंग्रजी गाणं मधेच सुरू व्हायचं.

माझ्याकडे टेप नव्हता. कॅसेट आली की मी आबांकडे न्यायची. ते टेपच्या आतली टाचणीएवढी जागा कोलनवॉटरच्या बोळ्यानं पुसायचे, कॅसेट लावायचे, बटण दाबायचे आणि ताबडतोब बाहेर जायचे. पार परसात, नारळ सोलायच्या पहारीपाशी. काकूंनाही बोलावून न्यायचे. मी एकटी बसून ऐकायची. ह्यांचं बोलणं म्हणजे काय, जेवण बरं आहे, थंडी फार आहे, तू आंबे खाल्लेस काय, गावी आईला औषध पाठव. मधेच नुसता श्वास. मग अचानक ढोल आणि गिटार धाडकन सुरू व्हायचे. ते परसापर्यंत ऐकू जायचे, आणि बोलणं संपलं हे आबांना कळायचं. हात पुसत आत यायचे. डोळे पुसायला मला वेळ मिळावा म्हणून दारातच उभं राहून विचारायचे, “कुठलं लागलं गो?” जसं काही मला कळणार होतं. मग स्वतःच ओळखायचे, ट्रंकेतून तेच गाणं काढायचे आणि पहिल्यापासून लावायचे. “नवऱ्यानं तुझ्या त्याचं डोकं खाल्लंय. पुरं ऐक आता.” अशी मी ती गाणी शिकले. शब्द एक कळला नाही. पण कुठं ढोल थांबतो आणि कुठं परत येतो ते आजही सांगेन.

दोन वर्षांत सात कॅसेटी आल्या. मग थांबल्या.

मग एजंटाचं इंग्रजी पत्र आलं. आबांनी वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. दूरच्या एका बंदरात हे दुपारी बोटीवरून उतरले आणि संध्याकाळी परत हजर झाले नाहीत. बोट एक दिवस थांबून पुढं गेली. त्यांच्या नावापुढं एक शब्द लिहिला होता. त्याचा अर्थ आबांनी सांगितला नाही, मी विचारलाही नाही. पळालेला, असा तो होता. बोटीवरून उतरून परदेशात नाहीशी होणारी माणसं तेव्हा असायची. तिकडे दुसरं घर करायची. सगळ्या गावाला अशा दोन-तीन गोष्टी माहीत होत्या, आणि आठवड्याभरात आमची त्यात चौथी झाली.

आबांनी एजंटाला लिहून विचारलं. उत्तर आलं, की बेपत्ता म्हणून शोध करायचा असेल तर घरच्या कर्त्या पुरुषानं तसा अर्ज सही करून द्यावा. कर्ते पुरुष म्हणजे थोरले दीर. ते लांज्याहून एस्टीनं आले. पाणीसुद्धा न घेता आबांच्या ओटीवर बसले.

“मी सही करायचो नाय,” ते म्हणाले. “शोधून काय करायचं? उद्या सापडला कुठं बाईसंगती, तर तोंड कुठं लपवू? घरात दोन पोरी हायत माज्या लग्नाच्या.” मग माझ्याकडे बोट करून, “आणि हिला काय ते म्हाईत असंल. बाईनं धरून ठेवलान असता तर मानूस गेला असता काय?”

आबा म्हणाले, “ती इथं, तो तिकडे. धरणार कशी?”

“तुमी गप बसा. तुमच्याच चिठ्ठीनं गेला तो.”

आबा गप बसले. तेवढ्या एका वाक्यावर ते खरोखरच गप बसले, आणि मला वाटलं, आता संपलं. दिरांनी मला खोली सोडायला सांगितलं. गावी यायचं, मागच्या पडवीत राहायचं, मिळेल ते खायचं आणि कुणाच्या कार्याला पुढं यायचं नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई कशी राहते ते मी लहानपणापासून बघितलं होतं. विधवेला निदान लोक विचारतात, जेवलीस काय. टाकलेलीला कुणी विचारत नाही. तिचं काहीतरी चुकलेलं असतं, हे धरूनच चालतात.

सामान बांधायला दीर चार दिवसांनी परत आले, त्याच सकाळी पोस्टमननं रजिस्टर पाकीट आणून दिलं होतं. सहा आठवडे कुठं कुठं फिरून आलेलं. वर ह्यांच्या हातचा वाकडातिकडा पत्ता. आबांनी शिक्का भिंगातून बघितला. ज्या दिवशी हे बोटीवरून उतरले त्याच दिवसाचा, त्याच बंदराचा. आत कॅसेट.

“लाव,” दीर म्हणाले. “आता माज्यासमोरच लाव.”

आबांनी बोळ्यानं टेप पुसला. बटण दाबून ते नेहमीसारखे परसात निघून गेले. खोलीत दीर, मी आणि सूंऽऽ असा आवाज. बोलणं काही येईना. मी पदराचं टोक दातात धरलं होतं. अर्धं मिनिट झालं असेल, दिरांनी पुढं होऊन बटण दाबलं आणि टेप बंद केला.

“रिकामी!” ते परसाकडे तोंड करून ओरडले. “रिकामी पाठवलान. ह्याच्यापरीस आनि काय सांगायचं मानसानं?”

आबा आले. हातात नारळाचं सोललेलं सोडण तसंच होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली, कड फिरवून बघितली. आणि मग, एजंटाचं पत्र आल्यापासून पहिल्यांदाच, त्यांचा आवाज चढला.

“बसा खाली.”

“मला एस्टी...”

“बसा म्हटलं ना! ही बघा. ही छापील गाण्यांची कॅसेट. हिच्यावर कुणी दुसरं काय भरू नये म्हणून कंपनी ही मागची दोन नखं मोडूनच देते. भरायचं असेल तर भोकावर चिकटपट्टी लावायला लागते. लावली की नाय पट्टी? कुणी लावली? रिकामी पाठवणारा माणूस पट्टी लावत बसतो?”

आबांनी मनगटावरचं घड्याळ सोडून दिरांच्या हातात दिलं. “काटा बघा,” म्हणाले. कॅसेट पहिल्यापासून लावली आणि या वेळी बाहेर न जाता जमिनीवरच बसले. काकू दारात उभ्या राहिल्या. आम्ही चौघं ते सूंऽऽ ऐकत बसलो. एक मिनिट. तीन मिनिटं. बाहेर कावळे, खाली खाडीवर कुणाच्या तरी होडीचं मशीन. पाच मिनिटं. दिरांनी एकदा पाय हलवला, तशी आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं ह्यांचे ओठ हलताना दिसायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आणि मग धाडकन, मधूनच तुटलेलं गाणं, ढोल, गिटार.

“किती झाली?”

“अकरा,” दीर म्हणाले.

आबा ट्रंकेकडे गेले. न शोधता एक कॅसेट काढली. तीच गाणी, तेच चित्र. “आता ही. काटा बघा.” पहिलं गाणं पुरं वाजलं. दुसरं पुरं वाजलं. तिसरं अर्ध्यावर आलं आणि तो मघाचाच ढोल, तीच गिटार नेमकी तिथं आली. दिरांनी कुणी न विचारता घड्याळ पुढं केलं. अकरा.

“ह्याच्या कॅसेटवर पहिलं गाणं नाय. दुसरं नाय. तिसरं अर्धं नाय,” आबा म्हणाले. “गाणी आपोआप पुसली जात नाहीत. भरायचं बटण अकरा मिनिटं दाबलेलं राहिल्याशिवाय पुसली जात नाहीत. ह्यानं बाहेरचा माईक लावला असणार आणि त्याचं बारीक बटण बंद राहिलं. मी स्वतः दोनदा केलाय हा गाढवपणा. अकरा मिनिटं बोललाय तो हिच्याशी. काय बोलला ते देवाला ठाऊक. पण पळून जाणारा माणूस बायकोशी अकरा मिनिटं बोलत बसून ते पोस्टात टाकायला उतरत नाय. एवढं मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या चिठ्ठीनं गेला, मान्य. म्हणूनच सांगतो.”

दिरांनी घड्याळ आबांच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, “कागद द्या.”

अर्ज आबांनी लिहिला. त्यात पाकिटावरचा पोस्टाचा नंबरही घातला. दिरांनी सही केली. जाताना म्हणाले, “खोलीत राहा आजून. आपन बगू.” ते गेल्यावर आबांनी कॅसेटीची चिकटपट्टी नखानं सोलून काढली. “आता ह्याच्यावर कुणाला काय भरता यायचं नाय,” म्हणाले आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. हे उतरले त्याच्या तिसऱ्या दिवशी बंदराचा धक्का आणि दुसऱ्या एका बोटीच्या मधल्या पाण्यात एक बेवारस प्रेत मिळालं होतं. तिथंच पुरलं होतं. खिशातल्या कागदांचा लगदा झाला होता, पण एका पोस्टाच्या पावतीवरचा नंबर वाचता येत होता. आमच्या अर्जात होता तोच नंबर. पोस्टातून परत येताना, बोटीजवळ आल्यावर, पाय घसरला असावा.

मी विधवा झाले. टाकलेली झाले नाही. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ एक लिहावीत असं मला कुणी शिकवलं नाही, पण मी आबांचे आभार ते याच जागी मानते. दिरांनी दहावा-तेरावा केला. गावातल्या बायका माझ्याजवळ बसून रडल्या. जेवलीस काय, असं विचारलं.

त्यानंतर वर्षभर आबांनी टेप लावला नाही. पावसाळा आला तरी ट्रंकेतले तांदूळ बदलले नाहीत. काकूच एकदा चिडून म्हणाल्या, “अहो, बुरशी येईल त्या जटाधाऱ्यांना.” आबा म्हणाले, “येऊ दे.” परसात जाऊन नुसते बसायचे. मी समोर आले की विचारायचे, “काय हवंय काय?” दुसरं काही नाही. चिठ्ठीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता. तुम्ही चिठ्ठी दिलीत ती चांगल्यासाठी दिलीत, एवढंच म्हणायचं होतं. इतकी साधी गोष्ट, पण माझी जीभ उचलली नाही.

मग एका दुपारी मीच ट्रंक उघडली. वरच्या चार कॅसेटींना पांढरी बुरशी आली होती. मी त्या पुसल्या, तांदूळ तव्यावर गरम केले. काकू बघत होत्या, तव्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. आबा ओटीवर आले, थोडा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, “तवा जास्त तापवलास. तांदूळ फुटतील.” संध्याकाळी त्यांनी एक गाणं लावलं. एकच. पण पुरं.

मांडवीतल्या एका बाईंच्या ओळखीनं मला मस्कतची नोकरी मिळाली. एस्टी स्टँडवर मुंबईच्या गाडीला पोचवायला आबा आले होते. मी खिडकीत बसले, तर आबा खाली नाहीत. पुढं वाकून बघते तर गाडीच्या तोंडाशी बॉनेट उघडायला लावून ड्रायव्हरशी वाद चाललेला. “तेल कधी बघितलंस? आवाज बरोबर नाय हिचा.” ड्रायव्हर म्हणाला, “आजोबा, ही बोट नाय, एस्टी हाय. बुडत नाय.” लोक हसले. आबा हसले नाहीत. काडी आत घालून तेल बघितलं, परत घालून परत बघितलं. गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर उभे राहून बोटांना लागलेलं काळं तेल रुमालानं पुसत होते. माझ्याकडे बघतच नव्हते. एकेक बोट पुसत होते, आणि गाडी वळेपर्यंत त्यांची दोनच बोटं झाली होती.

आता काकूंचं पत्र आलंय. भाद्रपदापासून आबांची डावी बाजू गेलीय. बोलणं गेलंय. त्यांना मूलबाळ नाही. काकू लिहितात, “कूस बदलायला दोन माणसं लागतात गो. मी एकटी. शेजारी येतात, पण रोज कोण येणार?”

माझा करार वैशाखात संपतो. पासपोर्ट मालकांच्या कपाटात आहे. आधी सोडतील का, विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. उद्या विचारणार आहे. नाही म्हणाले तर परवा परत विचारेन. कधी ते माझ्या हातात नाही, पण मी येणार. काकू, हे त्यांना वाचून दाखवा, उजव्या कानाशी, मोठ्यानं: दोन माणसं लागतात ना, त्यातलं दुसरं मी आहे. सकाळी, दुपारी, रात्री, जितक्या वेळा कूस बदलावी लागेल तितक्या वेळा, शेवटपर्यंत. आबा, मी पोचेपर्यंत थांबा.